सांध्यापर्यंत

जगातली सगळी माणसं घराच्या उंबरठ्यावर उभी राहून पाहुण्यांना या म्हणतात. आमच्या पुलावरच्या काकांचा उंबरठा मात्र नदीच्या मधोमध होता, लोखंडाचा होता, आणि त्याच्यावरून लॉऱ्या जायच्या. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आता या वयात पाहायला मिळेल असंही वाटत नाही.

काका तेव्हा आमचे नात्याचे कुणी नव्हते. लग्न होऊन मी मिरजेकडून इकडे आले तेव्हा ह्यांची नोकरी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात होती. चेन्नईतून उत्तरेला गुम्मिडिपूंडीकडे निघालं की वाटेवर एक गाव लागतं, मग नदी, नदीवर लोखंडी पूल, आणि पूल उतरल्याबरोबर दुसरं गाव. त्या दुसऱ्या गावातलं पहिलं घर काकांचं. त्यांच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. काका शाळेत मास्तर होते, नुकतेच रिटायर झालेले. तंजावूरकडचे जुने मराठी. त्यांचं घराणं इकडे कधी आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. "आमचे पणजोबासुद्धा तमिळमध्ये शिंकायचे," एवढंच म्हणायचे. मराठी मात्र घरात सोडली नव्हती. ती मराठी ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपलं जुनं लुगडं तमिळ पद्धतीनं नेसलंय. येतोय म्हणायचं तर ते 'येऊलालों' म्हणायचे, आणि वाक्याच्या शेवटी आवाज असा वर न्यायचे की साधं जेवायला बोलावलं तरी गाणं सुरू होणार असं वाटावं.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. आम्ही ट्रंक आत ठेवतोय तोवर काका दारात येऊन म्हणाले, "अगे, रात्री माझा पालम बोलूलाला म्हणून भिऊ नकोस. नव्या माणसाला जड जातं. दोन दिवसांत सवय होते." मला काय ठाऊक, तमिळमध्ये पालम म्हणजे पूल. मी ऐकलं पाल. घरमालक पाल पाळतात, ती रात्री चुकचुकते, आणि ते तिच्याबद्दल इतक्या मायेनं बोलतात, एवढंच मला कळलं. मी लाजाळू, विचारायचा धीर नव्हता. संध्याकाळभर भिंती आणि आढं बघत बसले. ह्यांना म्हटलं, मोठी असेल का हो? हे म्हणाले, काय मोठी? रात्री पुलावरून कंटेनरची लॉरी गेली आणि सगळं घर घुमलं, तेव्हा मी ह्यांचा हात धरून म्हटलं, बाई गं, ही पाल आहे का कोण! सकाळी ह्यांनी ते काकांना सांगितलं. काका इतके हसले की चष्मा पडला. नंतर किती तरी वर्षं ते मला भेटले की आधी विचारायचे, "पाल काय म्हणते?"

त्या पुलावर त्यांचा जीव होता. मोठ्या मोठ्या लोखंडी कमानी, त्यांना वाटीएवढ्या डोक्यांचे रिव्हेट, वर पारव्यांची वस्ती. खाली नदी म्हणायची, पण वर्षातले बरेच महिने नुसती वाळू आणि मधे गुडघाभर पाणी, त्यात म्हशी. काका रोज पहाटे कॉफी पिऊन पुलावर जायचे. पहिल्या खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे, आणि परत येऊन काकूंना सांगायचे, "बरा आहे." कधी "आज जरा कफ आहे" म्हणायचे. त्या दिवशी हमखास कुठल्या तरी खांबाचा रंग सुटलेला असायचा. काकू तव्यावर डोसा उलटता उलटता मला सांगायच्या, "लोकांची सवत लपून असते. माझी बघ, दोन्ही गावांना दिसते." त्यांना स्वतःला एकदा ताप आला होता, तेव्हा काकांनी पुलाची चौकशी आधी केली, हे त्या प्रत्येक आल्यागेल्याला ऐकवत. काका म्हणत, पालम वाटेत होता, तू आत होतीस.

पण काकांची खरी ओळख म्हणजे सांधा. पूल दोन मोठ्या तुकड्यांचा. ते तुकडे मधोमध जिथे भेटतात तिथे एक फट आहे, तिच्यावर लोखंडी दाते एकमेकांत अडकवलेले. चाक त्यावरून गेलं की खट्‌ असा आवाज. फटीतून खाली नदी दिसते. काकांच्या हिशेबी तिथे त्यांचं गाव संपत होतं. सरकारची हद्द कुठे का असेना, काकांची शीव तो सांधा. त्याच्या अलीकडे ते गावातले मास्तर. कुणालाही थांबवून विचारणार, अभ्यास काय, नोकरी काय, केस का वाढवलेत. सांधा आला की चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, सदऱ्याचं वरचं बटण लावायचं, आणि मगच पलीकडे पाऊल टाकायचं. दुसऱ्याच्या गावात आपण पाहुणे. मग तिथे आवाज चढवायचा नाही, कुणाचं चुकलं म्हणायचं नाही, भाव करायचा नाही.

भाव न करण्याची गंमत सांगते. पलीकडच्या गावाची एक भाजीवाली टोपली घेऊन आमच्या गावात यायची. काकांना तिची वांगी आवडायची, आणि ती पुलाच्या त्या टोकाशी बसलेली असली की ते तिच्याजवळ जाऊन मुकाट उभे राहायचे. ती म्हणायची, घ्या ना मास्तर. काका म्हणायचे, तू चल आधी. मग दोघं पुलावरून चालायची, ती डोक्यावर टोपली घेऊन पुढे, हे चपला हातात घेऊन मागे. तिनं सांधा ओलांडला की काका चपला घालायचे आणि तिथेच, लॉऱ्यांच्या गोंगाटात, वांग्यांवरून कडाकडा भांडायचे. तीही काही कमी नव्हती. काही दिवसांनी ती सांध्याच्या एक पाऊल पलीकडेच टोपली ठेवून बसायला लागली, आणि काका या बाजूला उभे राहून तिच्याकडे नुसते बघत. शेवटी एक दिवस तिनंच टोपली पायानं सरकवून अलीकडे ढकलली आणि म्हणाली, ओरडा एकदाचे, मला पण बरं वाटेल.

शाळेतल्या एका मित्राशी त्यांचे रोज वाद. दोघं फिरायला निघत, आणि घरापासून सांध्यापर्यंत काका मोठमोठ्यानं हातवारे करत. सांधा आला की अर्ध्या वाक्यात गप्प. पलीकडे जाऊन चहा पिऊन दोघं परत येत, आणि सांध्यावर काका तेच वाक्य तिथूनच उचलत, जसं काही ते कठड्याला छत्रीसारखं अडकवून ठेवलं होतं.

पाहुण्यांचं तर विचारूच नका. बस काकांच्या दारात थांबायची, पण काकांकडे येणाऱ्याला आधीच, पलीकडच्या गावात उतरावं लागे. काका सांध्यावर उभे असत. पाहुण्यानं अर्धा पूल चालून यायचं, काकांनी या म्हणायचं, मग पुढचा अर्धा बरोबर. माझे वडील मिरजेहून ज्वारीचं पोतं घेऊन आले होते, त्यांनाही सुटका नाही. वडील घामाघूम होऊन सांध्याशी पोचले तर काका पुढे होऊन पोत्याचं एक टोक धरून म्हणाले, "इथून पुढं माझं ओझं." वडिलांना ते शब्द इतके आवडले की गावी जाऊन सगळ्यांना सांगत सुटले. आणि निघताना काका पोचवायला येत तेही सांध्यापर्यंतच. त्याच्या पुढे एक पाऊल नाही. तिथे हात जोडायचे, आणि माणूस पलीकडच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत उभं राहायचं. मी काकूंना एकदा विचारलं, पुढे का येत नाहीत? काकू म्हणाल्या, "पाहुण्याला पोचवायला गेलं आणि आपणच पाहुणं झालं, तर निरोप कोणी कोणाला द्यायचा?"

पुढे ह्यांची बदली झाली, आम्ही चेन्नईत राहायला आलो, पण येणं-जाणं राहिलं. आमच्या मोठ्या दिरांचा मुलगा चेन्नईतल्याच शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागला तेव्हा तो आधी आमच्याकडेच राहिला. काकांच्या मुलीची मुलगी, आजोळीच वाढलेली, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका ऑफिसात होती. ती दिवाळीला आमच्याकडे फराळाला आली, मग संक्रांतीला आली, मग काही सण नसतानाही यायला लागली. तिला मराठी कमी यायची, ह्याला तमिळ बिलकुल येत नव्हतं, दोघं इंग्रजीत हसायची. दोन्ही घरांना बरं वाटलं. काकांनी एकच गोष्ट मागितली. नातजावई त्यांच्या पुलावरून आला पाहिजे.

या मागण्यामागे घाई होती. लोखंडी पुलाच्या शेजारी सिमेंटचा नवा रुंद पूल वर येत होता. जुना थकला म्हणून त्याच्यावरून लॉऱ्या आणि बस बंदच केल्या होत्या, छोट्या गाड्या तेवढ्या जात. नवा उघडला की जुना कायमचा बंद, मग तोडणार. काका कुठलाही पुढचा मुहूर्त ऐकूनच घेत नव्हते. "तिला मी त्या पालमावरून शाळेत नेली," ते मला फोनवर म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात मुहूर्त सांगितला. काकांचा इतका खालचा आवाज मी फक्त सांध्याच्या पलीकडेच ऐकला होता.

आमचे मोठे दीर, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, स्वभावानं तापट. मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरायचा, चहा ठेवायचा आणि आत जायचं, इतकंच. त्यांचं आणि काकांचं फोनवर बोलणं झालं. भाऊजी म्हणाले, मानपान, देणंघेणं, आम्हाला काही नको. लांबून माणसं येणार, जानवसा तेवढा चांगला ठेवा. काका हरखले. मला लगेच फोन केला, की तुमच्याकडची माणसं किती रसिक, काही मागत नाहीत, जानवासा मागतात! असा जानवासा करतो की दोन्ही गावं बघत राहतील. मी म्हटलं, हो काका. राहायच्या जागेकडे दोन्ही गावांनी कशाला बघायचं, हे माझ्या मनात आलं, पण काकांच्या बाबतीत असं पुष्कळ काही मनात यायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मिरजेची पस्तीस-चाळीस माणसं दिवसभरचा आणि रात्रभरचा रेल्वेचा प्रवास करून, चेन्नईतून बसनं पलीकडच्या गावात उतरली. बस पुढे जाणार नव्हती. पुलाच्या तोंडाशी एक उघडी मोटार फुलांनी मढवून उभी होती आणि नादस्वरम वाजत होतं, म्हणजे आपल्या सनईची थोरली बहीण. नवरा मुलगा मोटारीत, बाकीची माणसं बॅगा घेऊन पायी. सांध्यावर काका ताट घेऊन उभे. तिथे मोटार थांबवून त्यांनी सीमांतपूजन केलं. मुलाचे पाय धुतले ते पाणी फटीतून खाली नदीत गेलं. निरांजन वाऱ्यानं विझलं, पुन्हा लावलं, पुन्हा विझलं, शेवटी काका म्हणाले, "राहू दे, पालमाला उजेड कशाला." मागे दोन्हीकडे रिक्षा आणि स्कूटरी अडकल्या होत्या, पण बंदोबस्ताचा पोलीस काकांचा जुना विद्यार्थी. काकांनी त्याला शाळेत बाकावर उभं केलेलं होतं, तो अजून तसाच ताठ उभा होता.

मिरवणूक पूल उतरली, गावातून फिरली, देवळाला वळसा घालून लग्नाच्या हॉलशी आली. आमच्या मिरजेच्या बायका बॅगा ओढत का होईना, खुशीत होत्या. खोलीवर पोचवायला वाजंत्री लावतात म्हणजे केवढी हौस, असं म्हणत होत्या. हॉलमध्ये सगळे टेकले, कॉफी झाली. भाऊजींनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, व्याही, आता जानवसा दाखवा. माणसं दमलीत.

काका म्हणाले, "जानवासा झाला की."

"कधी झाला?"

"आत्ता. त्यातूनच तर येऊलालों आपण."

भाऊजींना वाटलं थट्टा करतायत. मग वाटलं लबाडी करतायत. हॉलला खोल्या दोन, त्या मुलीकडच्यांनी भरलेल्या. गावात लॉज नाही. भाऊजींचा आवाज चढला. लग्नाच्या आदल्या दिवशी अशी चेष्टा करणाऱ्या घरात मुलगा द्यायचा नाही, असं म्हणाले. चाळीस माणसं काय पुलावर निजवू, म्हणाले. बॅग उचलून बसच्या दिशेनं चालायला लागले. नवरा मुलगा बाबा बाबा करत होता, नात खोलीच्या दारात उभी होती, तिच्या हातावरची मेंदी अजून ओली. आणि काकाही तापले. मोटार सजवली, वाजंत्री तंजावूरहून आणली, मागितलं ते सगळं केलं, आणि वर मला खोटा म्हणूलालेत? ते भाऊजींच्या मागे निघाले, मोठमोठ्यानं बोलत. ह्यांनी मला खूण केली, आम्हीही मागे. पुलाच्या अर्ध्यापर्यंत दोन म्हातारी माणसं अशी गेली, एक पुढे बॅग घेऊन, एक मागे ओरडत.

सांधा आला. भाऊजी खट्‌कन ओलांडून गेले. काका अर्ध्या वाक्यात गप्प झाले.

ती शांतता इतकी अचानक आली की भाऊजींनी चार पावलांवर वळून पाहिलं. काका वाकले होते. चपला काढत होते. वरचं बटण लवकर लागेना. ते लागल्यावर चपला हातात घेऊन ते फटीच्या पलीकडे आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "व्याही, इथून तुमची बाजू. मी पाहुणा आलों. पाहुण्याला रिकामं परत लावू नका."

भाऊजींना त्यातलं काही कळलं नाही. ते चपलांकडे बघत राहिले. तेवढ्यात मला सगळं लख्ख कळलं, हा पालीसारखाच घोटाळा होता. मी पदर घट्ट धरला आणि बोलले.

"भाऊजी, त्यांच्याकडे जानवासा म्हणजे वरात. मोटारीतून मिरवतात ती. राहायच्या जागेला ते तसं म्हणत नाहीत. तुम्ही मागितलंत, त्यांनी दिलं."

माझा आवाज भाऊजींनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. एक स्कूटर सांध्यावरून गेली, पूल घुमला. भाऊजी माझ्याकडे बघत होते, मग काकांकडे.

"म्हणजे मी पाठ टेकायला जागा मागितली," ते सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही माझी वाजतगाजत वरात काढली?"

काका अजून खालच्याच आवाजात म्हणाले, "मोटारीत जागा होती की. तुम्हीच बसला नाहीत."

आधी भाऊजींच्या हातातली बॅग खाली आली. मग ते हसायला लागले ते कठड्याला धरूनच. काका हसले नाहीत, पाहुणे होते ना. भाऊजींनी त्यांना दंडाला धरून सांध्याच्या अलीकडे आणलं, तेव्हा चपला घातल्या आणि मग हसले. रात्रीची सोय अशी झाली की बायका काकांच्या घरी, पुरुष हॉलमध्ये फुलांच्या कमानीखाली, आणि भाऊजी काकांच्या स्वतःच्या पलंगावर. काका कुठे निजले ते कुणाला कळलं नाही. सकाळी मी पुलावर डोकावले तर भाऊजी पहिल्या खांबाला कान लावून उभे होते आणि काका विचारत होते, काय म्हणतो? मुहूर्त चुकला नाही. लग्न छान झालं.

नवा पूल त्यानंतर लवकरच उघडला. जुन्याच्या दोन्ही तोंडांना पत्रे लावलेत, आणि पलीकडच्या बाजूनं तो हळूहळू उतरवायला घेतलाय. काकांचे गुडघे आता धरतात. काकू म्हणतात, ह्यांचे सांधे आणि तिचे सांधे एकदमच गेले. काकांनी नव्या पुलावरही एकदा टकटक करून पाहिलं. "मुका आहे," म्हणाले, पण रागानं नाही. नवीन सुनेबद्दल बोलावं तसं.

परवा आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. निघताना काका काठी घेऊन उठले. ह्यांनी म्हटलं, बस आता पुन्हा दारातूनच जाते, कशाला त्रास. काका म्हणाले, सांध्यापर्यंत येतो. मग आम्ही नव्या पुलाच्या कडेनं सावकाश चालत निघालो. शेजारी जुना पूल पत्र्याआड उभा होता, वरचे पारवे अजून होते. काका डांबराकडे बघत चालत होते. नव्या पुलाला फट दिसेल अशी कुठे नाहीच, सगळं वरून सारखं करून टाकलंय. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी ह्यांना विचारलं, "शीव कुठं आली रे?" ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुठे म्हणून दाखवणार? काका म्हणाले, असेल पुढं. आणि चालत राहिले. मी त्यांना थांबा म्हणायला हवं होतं, पण त्यांना थांबायला जागा कुठली दाखवू हे मलाही सुचेना. असं करत करत ते पूल उतरले आणि पलीकडच्या गावाच्या बसस्टॉपपर्यंत आमच्याबरोबर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिथल्या बाकावर त्यांना बसवलं. परत रिक्षानं जा, असं हे दहादा म्हणाले, रिक्षावाल्याला सांगूनही ठेवलं. बस आली. काकांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "अगे, जाऊन ये. मी इथं आहे."

मी मागच्या काचेतून पाहिलं. काका बाकाच्या कडेला बसले होते. चपला हातात होत्या, आणि सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावलं होतं.